यंत्राला लिहिलेली आज्ञा

माझ्या लहानपणीं आमच्या उमरीस तार करावयाची म्हणजे घरांतील वडील माणूस आधीं पाटीवर मजकूर लिही आणि मग एकेक शब्द खोडीत बसे. कारण तारेचे पैसे शब्दांवर पडत. १५ जुलै २०१३ पासून आपल्या देशांतील ती तारसेवा बंद झाली. मोजक्या शब्दांत नेमका अर्थ बसविण्याची विद्याहि तिच्याबरोबर गेली असें मी समजत होतों. परंतु गेल्या वर्षीं एका यंत्रापुढें बसून ती मला पुन्हां शिकावी लागली.

त्या यंत्राचें नांव राउटर. उमरीहून रेल्वेनें नांदेडकडे निघालें म्हणजे मुदखेड जंक्शन लागतें. तेथून एक फांटा आदिलाबादेस जातो. कोणती गाडी कोणत्या रुळावर घ्यावयाची हें जसें जंक्शनांत ठरतें, तसेंच इंटरनेटवरील मजकुराचें आहे. पत्र असो वा चित्र असो, त्याचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आंकड्यांत लिहिलेला असतो. आणि राउटर आपल्याजवळील मार्गांची यादी पाहून त्याला पुढची वाट दाखवितो.

घरगुती राउटराची मांडणी पडद्यावरील रकाने भरून होते. मोठ्या राउटरास मात्र बहुधा एकेक ओळ लिहून आज्ञा द्यावी लागते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें कचेरींतून काढून टाकलेला असा एक राउटर आमच्या वाचनालयास दिला. निवृत्त मास्तराच्या हातीं निवृत्त यंत्र! विद्यार्थी पुण्याहून फोनवर सांगूं लागला आणि मी लिहूं लागलों.

राउटर सिस्को कंपनीचा होता. ही कंपनी १९८४ सालीं कॅलिफोर्नियांत स्थापन झाली. प्रथम ‘एनेबल’ लिहिलें. त्यासरशीं ओळीच्या आरंभींचें टोकदार चिन्ह जाऊन तेथें हॅशचें चिन्ह आलें. म्हणजे वरचा अधिकार मिळाला. ‘कॉन्फिगर टर्मिनल’ म्हणजे आतां बदल करावयाचे आहेत. ‘इंटरफेस’ म्हणजे कोणत्या दरवाजाविषयीं बोलतों तें. त्यानंतर त्या दरवाजाचा पत्ता. अडल्यास प्रश्नचिन्ह लिहावें. पुढें कोणते शब्द चालतील त्यांची यादी यंत्र देतें. विचारण्यांत कमीपणा नाहीं, हें मीं मुलांना पस्तीस वर्षें सांगितलें. यंत्रालाहि तें मान्य दिसलें.

शेवटची आज्ञा होती ‘नो शटडाऊन’, म्हणजे दरवाजा बंद ठेवूं नकोस. मीं त्यांतील ‘नो’ गाळला. यंत्रानें हूं कीं चूं केलें नाहीं. दरवाजा बंदच राहिला. त्या रात्रीं बारा वाजतां एका परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत संपत होती आणि सात मुलें बाकावर वाट पाहत होतीं. अर्ध्या तासानें विद्यार्थ्यानें ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ ही आज्ञा देऊन दरवाजांची स्थिति वाचावयास सांगितली. आमच्या दरवाजापुढें हुकमानें बंद अशा अर्थाचे शब्द होते. हुकूम माझाच! एक अक्षर घातलें आणि दरवाजा उघडला.

दहा मिनिटांनीं वीज गेली. ती परत आल्यावर पाहतों तों पाटी कोरी! राउटर चालू आज्ञा तात्पुरत्या स्मृतींत ठेवतो. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ असें लिहिल्यावरच त्या कायमच्या स्मृतींत उतरतात. तें मीं केलेलें नव्हतें. सर्व आज्ञा पुन्हां लिहिल्या. सहा अर्ज गेले. सातवी मुलगी खेड्यांतली. शेवटची बस चुकेल म्हणून ती वीज गेली तेव्हांच निघून गेली होती. तिचें तें वर्ष मला अजून टोंचतें.

अशी चूक जाणत्यांकडूनहि होते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुक कंपनींत दुरुस्तीच्या कामांत दिलेल्या एका आज्ञेनें तिच्या जगभरच्या केंद्रांना जोडणारें जाळें तुटलें. अशी आज्ञा अडवावयाचें साधनहि सदोष निघालें, आणि फेसबुक व व्हॉट्सॲप सुमारें सहा तास बंद पडलीं. ज्या वाटेनें दुरून दुरुस्ती करावयाची तीच वाट बंद झाल्यामुळें माणसांना प्रत्यक्ष यंत्रांपाशीं जावें लागलें.

म्हणून दूरच्या राउटरांत बदल करणारे सावध लोक आधीं ‘रिलोड इन १०’ असें लिहितात. दहा मिनिटांत ही आज्ञा मागें घेतली नाहीं, तर राउटर आपण होऊन पुन्हां सुरू होतो आणि पूर्वीं जपून ठेवलेली मांडणी वाचतो. बंद झालेली वाट मोकळी होते. ज्या विसराळूपणानें मला छळलें, तोच येथें तारणारा ठरतो. बदल नीट चालतो अशी खात्री झाली कीं आज्ञा मागें घ्यावी आणि मगच तो जपून ठेवावा.

श्रोतेहो, घरांत आपण अर्धें वाक्य बोललों तरी उरलेलें समोरचा भरून घेतो. यंत्र शब्द पाळतें. हेतु त्याला कळत नाहीं. तारेंत शब्द गाळला तर पैसे वांचत. येथें एक शब्द गाळला आणि एका मुलीचा अर्ज राहिला. त्या आज्ञांचा कागद आतां वाचनालयाच्या कपाटाच्या दारावर आंतून चिकटविलेला आहे. त्यांतील ‘नो’ खालीं मीं तांबड्या शाईनें दोन रेघा ओढल्या आहेत.