राजकोष आणि प्रसिद्धी

बंगळूरच्या विधानसौधाच्या दर्शनी भागावर एक वाक्य कोरलेले आहे: सरकारचे काम हे देवाचे काम. केंगल हनुमंतय्या यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही वास्तू १९५६ साली पूर्ण झाली. त्याच शहरात वार्ता सौध या नावाचीही एक इमारत आहे व राज्याचे माहिती आणि जनसंपर्क खाते तेथून चालते. एका वास्तूत कारभार व्हावा आणि दुसरीतून त्याची वार्ता लोकांना कळावी, ही व्यवस्था लोकशाहीला शोभणारीच आहे. परंतु वार्तेच्या जागी स्तुती येऊ लागली, म्हणजे तिचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न उभा राहतो.

सरकारने प्रसिद्धीवर पैसा खर्चच करू नये, असे कोणी म्हणणार नाही. मार्च २०२४ मध्ये बंगळुरात पाण्याची तीव्र टंचाई निर्माण झाली, तेव्हा पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यास आणि बागा शिंपण्यास मनाई करण्यात आली आणि पाच हजार रुपये दंड ठरला. हा हुकूम घरोघरी पोचविला नसता, तर तो दंड अन्यायाचा ठरला असता. ओला कचरा, सुका कचरा आणि घातक कचरा वेगवेगळा ठेवण्याचा नियमही असाच लोकांना समजावून सांगावा लागतो. पल्स पोलिओच्या तारखा गावोगाव कळविल्या गेल्या नसत्या, तर २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळणे कठीण होते. अशा जाहिरातीचा प्राण तिच्यातील सूचनेत असतो. तीवर कोणाचे छायाचित्र असले काय किंवा नसले काय, तिचे मोल तेवढेच राहते.

याच्या उलट दुसरी एक जाहिरात असते. कारकिर्दीला वर्ष पुरे झाले, की वृत्तपत्राचे पूर्ण पान भरते. नेत्याची हसरी मुद्रा झळकते. योजनेचा लाभ कोणास मिळेल, अर्ज कोठे करावा, याचा मात्र त्यात पत्ता नसतो. हे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे होय. राज्यघटनेच्या २६६ व्या अनुच्छेदाप्रमाणे संचित निधीतून कायद्यावाचून एक पैसाही काढता येत नाही. त्या निधीत सत्तारूढ पक्षाला मत न देणाऱ्याचाही कर जमा झालेला असतो. त्याच्याच पैशाने त्याचे मत वळविण्याचा प्रयत्न करणे नीतीला धरून नाही. शिवाय, जे वृत्तपत्र सरकारी जाहिरातींवर जगते, त्याच्या लेखणीवर त्याचे दडपण येण्याचा धोका असतोच.

'कॉमन कॉज' या संस्थेने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. प्राध्यापक माधव मेनन यांच्या समितीच्या शिफारशींच्या आधारे १३ मे २०१५ रोजी न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. जाहिरात शासनाच्या कर्तव्याशी निगडित असावी, ती वस्तुनिष्ठ असावी, सत्तारूढ पक्षाचे हित तिने साधू नये आणि तिचा खर्च समर्थनीय असावा, हे त्यांचे सार. छायाचित्रे केवळ राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचीच असावीत, असेही ठरले. काही राज्यांनी फेरविचाराची मागणी केली. त्यांत कर्नाटकही होते. १८ मार्च २०१६ रोजी राज्यपाल, मुख्यमंत्री आणि संबंधित मंत्री यांच्या छायाचित्रांस मुभा मिळाली. पुढे कर्नाटकाने जाहिरातींच्या आशयावर देखरेख ठेवणारी स्वतःची समिती नेमली. मात्र निवडणुकीच्या तोंडावर अशा जाहिराती बंद ठेवाव्यात आणि त्यांचे स्वतंत्र लेखापरीक्षण व्हावे, या मेनन समितीच्या सूचना न्यायालयाने २०१५ च्या निकालातच मान्य केल्या नव्हत्या. छायाचित्राचा वाद गाजला. हिशेबाचा प्रश्न मागे पडला.

वस्तुतः हिशेबच अधिक बोलका असतो. 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' ही योजना २०१५ साली सुरू झाली. नंदुरबारच्या तत्कालीन खासदार हीना गावित यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने डिसेंबर २०२१ मध्ये दाखवून दिले, की २०१६ ते २०१९ या काळात दिलेल्या ४४६.७२ कोटी रुपयांपैकी ७८.९१ टक्के रक्कम केवळ माध्यमांतील प्रचारावर खर्च झाली. लोकांची दृष्टी बदलणे हा त्या योजनेचा एक हेतू होता, हे खरे. म्हणून प्रचार सर्वस्वी व्यर्थ ठरत नाही. तरीही मुलींच्या शिक्षणाकडे आणि आरोग्याकडे आता अधिक पैसा वळवावा, असे समितीला सुचवावे लागले.

यावर एक साधा उपाय संभवतो. प्रत्येक सरकारी जाहिरातीच्या तळाशी तिचा खर्च छापावा. किराणा दुकानदारही मालावर किंमत लिहितो. मग जिचे मोल जनतेने आधीच चुकते केले आहे, त्या वस्तूवर ती लिहिण्यास संकोच का वाटावा? ज्या सूचनेने रोग टळतो किंवा पाणी वाचते, तिची किंमत वाचून नागरिक समाधानच पावेल. ज्या अधिकाऱ्याला तो आकडा छापताना अवघड वाटेल, त्याला जाहिरात मंजूर करण्यापूर्वीच पुन्हा विचार करण्याची संधी मिळेल. लोकांचा पैसा राखण्याचे काम अशा संकोचातूनही होऊ शकते.