साक्षर किती झाले, साक्षर किती राहिले?

(पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या शिबिरातील भाषण)



जिल्हा परिषदेच्या प्रौढ शिक्षणाच्या कामाचा आढावा कसा घ्यावा, याविषयी बोलण्याची आज्ञा आपण मला केली आहे. आढावा म्हटला की तक्ते पुढे येतात. वर्ग किती चालले, नोंदणी किती झाली, उत्तीर्ण किती झाले! हे तक्ते आवश्यकच आहेत. परंतु त्यांत एक रकाना सहसा नसतो. गेल्या वर्षी जे साक्षर झाले, त्यांपैकी आज साक्षर किती उरले आहेत?

मागील अनुभव

हा प्रश्न नवा नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. खर्च थोडा, गावाचा उत्साह मोठा. शिक्षकांनी आणि शिकलेल्या तरुणांनी वर्ग घेतले. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असेच ते कार्य होते. परंतु समारंभानंतर जेथे वर्ग थांबला आणि वाचायला पुस्तकही उरले नाही, तेथे अक्षरे पुसट होत गेली.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. १५ ते ३५ या वयोगटातील १० कोटी निरक्षरांपर्यंत पोचण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. अक्षरज्ञानाबरोबर व्यवसायोपयोगी ज्ञान आणि सामाजिक जाणीव यांवर त्यात भर होता. १९९० नंतर जिल्हावार साक्षरता मोहिमा झाल्या. २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आखलेला नवभारत साक्षरता कार्यक्रम स्वयंसेवकांच्या बळावर उभा आहे. त्याची चाचणी वाचन, लेखन व संख्याज्ञान अशी १५० गुणांची असते. योजना बदलल्या, तरी प्रत्येकीपुढे हा प्रश्न उभा राहिलाच.

आढाव्याच्या तीन कसोट्या

पहिली कसोटी टिकाऊपणाची. उत्तीर्ण झालेल्यांपैकी काहींची, चिठ्ठ्या टाकून निवड करून, वर्षभराने पुन्हा भेट घ्यावी. रेशनकार्डावरील नोंद, बँकेची पैसे काढण्याची पावती, ग्रामसभेची नोटीस असा एखादा रोजचा कागद वाचायला द्यावा. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे जो समजून वाचू व लिहू शकतो, तोच साक्षर. केवळ सही गिरवता येणे म्हणजे साक्षरता नव्हे.

एका गावी मी हे करून पाहिले. हजेरीपत्रक चोख होते. एका भगिनीने सुबक सही केली. बचतगटाची वही पुढे ठेवताच मात्र त्या म्हणाल्या, "भाऊ, यातलं कर्ज कोणाच्या नावावर आहे, ते तुम्हीच सांगा." त्या वहीवर त्यांची सही होती आणि कर्जही त्यांच्याच नावावर होते! आपल्या तक्त्यात त्या साक्षर होत्या. तक्ता चुकला की त्याची किंमत कोण मोजतो, हे त्या दिवशी मला कळले.

दुसरी कसोटी, वगळले कोण गेले? २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात पुरुषांची साक्षरता ८८ टक्क्यांहून अधिक, तर स्त्रियांची सुमारे ७६ टक्के होती. म्हणून स्त्रियांचा, तसेच पाड्यांचा व वस्त्यांचा हिशेब वेगळा मांडावा.

तिसरी कसोटी वेळेची. बीडसारख्या जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. वर्ग हिवाळ्यात भरवून अनुपस्थितीचा दोष त्यांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. वर्ग गावातील कामाच्या हंगामाप्रमाणे भरला पाहिजे.

पंचायतीचे कर्तव्य

हे सारे शिक्षकांवर सोपवून चालणार नाही. ग्रामपंचायतीने नवसाक्षरांसाठी ठळक अक्षरांतील पुस्तकांचे एक कपाट ठेवावे. फळ्यावरील सूचना मोठ्या, सोप्या अक्षरांत लिहाव्यात आणि ग्रामसभेत त्या नवसाक्षरांकडूनच वाचून घ्याव्यात. शिक्षण समितीने आपल्या तक्त्यात "वर्षानंतर साक्षर" हा एक रकाना वाढवावा. त्यातील आकडा पहिल्या वर्षी लहान येईल. तो पाहून कोणी अधिकाऱ्याने शिक्षकाला बोल लावू नये. नाही तर पुढच्या वर्षी तो आकडा मोठा होईल, पण खरा राहणार नाही.

त्या भगिनीला आपल्या वहीतले स्वतःचे नाव आणि त्यापुढची रक्कम वाचता आली, तर आपला आढावा पुरा झाला असे मी समजेन.

जय हिंद! जय महाराष्ट्र!