जहाजावरची सुटी

कोंकणांतल्या माणसाला आगबोट नवी नाहीं. मुंबईच्या धक्क्यावरून रत्नागिरी, मालवण, पणजीकडे जाणाऱ्या बोटींच्या आठवणी अजूनहि अनेक घरांतून निघतात. ट्रंका, वळकट्या, डेकवर पसरलेल्या सतरंज्या, आणि बोट लागूं नये म्हणून जवळ बाळगलेली सुंठ किंवा आवळकाठी. परंतु त्या प्रवासांत बोट हें केवळ साधन होतें; सर्वांचे डोळे गांवाकडे लागलेले असत. बोटीवर राहणें हीच सुटी, ही कल्पना निराळी आहे, आणि तिचा उगम मोठा व्यावहारिक आहे. हिवाळ्यांत अटलांटिक महासागरावर उतारू कमी होत आणि मोठमोठीं जहाजें रिकामीं पडत. तेव्हां हांबुर्ग येथील आल्बर्ट बालीन या धोरणी व्यवस्थापकानें १८९१ च्या जानेवारींत 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' हें जहाज भूमध्य समुद्रांत केवळ सहलीकरितां पाठविलें. आज खास याच कामासाठीं हजारों उतारूंचीं जहाजें बांधलीं जातात.

जाहिरातींत अशा जहाजाला 'तरंगतें हॉटेल' म्हणतात. शब्द मोहक आहे. परंतु प्रवाशाची जी फसगत होते ती बहुधा याच शब्दामुळें होते. हॉटेल सरहद्द ओलांडीत नाहीं, जागचें हलत नाहीं, आणि पाहुण्याला मागें ठेवून निघून जात नाहीं. जहाज या तिन्ही गोष्टी करतें. हें ध्यानांत ठेवणाऱ्याला जहाजावरच्या सुटीसारखी सुखाची सुटी नाहीं.

अलास्काच्या सहलीचें उदाहरण घेतलें म्हणजे हें नीट समजेल. महाराष्ट्रांतील अनेक वडील मंडळी उन्हाळ्यांत अमेरिकेंतील मुलांकडे राहावयास जातात, आणि सिॲटलच्या आसपास नोकरी करणारीं मुलें त्यांना एक आठवडा या सहलीस नेतात. मे ते सप्टेंबर हा तिचा मुख्य हंगाम. जहाज सिॲटलहून निघून जूनो, स्कॅग्वे, केचिकन अशीं बंदरें घेत, हिमनद्या दाखवून परत येतें. पुण्याच्या एका निवृत्त शिक्षक दांपत्यानें ही सहल केली. गुरुजी भाषेचे, बाई शास्त्रविषयाच्या. त्यांना जे अनुभव आले ते पुष्कळांना येतात.

पहिल्या वर्षीं तीं दोघें जहाजावर चढूंच शकलीं नाहींत. अमेरिकेचा व्हिसा होता. सिॲटलहून निघून सिॲटललाच परतावयाचें, मग आणखी कागद कशाला, असा सर्वांचा समज होता. परंतु वाटेंत जहाज कॅनडांतील व्हिक्टोरिया बंदरांत एक संध्याकाळ थांबतें. हा थांबा केवळ हौशीचा नसतो. अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्याप्रमाणें, परदेशांत नोंदलेल्या जहाजाला अमेरिकन बंदरांतून उतारू घेऊन, मध्यें एकाहि परदेशी बंदराला न लागतां, त्यांना परत आणून सोडतां येत नाहीं. आणि सहलीचीं मोठीं जहाजें बहुतेक बहामा, पनामा, माल्टा अशा ठिकाणीं नोंदलेलीं असतात. म्हणून व्हिक्टोरिया येतें, आणि म्हणून भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्याला कॅनडाचाहि व्हिसा लागतो. धक्क्यावर कागद तपासणाऱ्या कारकुनानें हें सांगितलें तेव्हां फार उशीर झाला होता. पैसे बुडाले, आणि त्याहूनहि मुलीला झालेलें दुःख मोठें होतें. तिकीट काढण्यापूर्वीं जहाज ज्या ज्या बंदरांना लागणार तीं कोणत्या देशांत आहेत हें लिहून काढावें, आणि निघाल्या देशांत पुन्हां शिरण्याची मुभा व्हिसावर आहे ना, तेंहि पाहावें.

दुसऱ्या वर्षीं कागद पुरे होते. मुलीनें आईवडिलांना देखावा चांगला दिसावा म्हणून अगदीं वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची खोली निवडली होती. एका अनुभवी स्नेह्यानें तिला वेळींच परावृत्त केलें. लाटांवर जहाज तराजूच्या दांडीप्रमाणें हलतें. दोन्ही टोकें अधिक वरखालीं होतात, मध्यभाग कमी. म्हणून मधली आणि खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत स्थिर. तिच्या डोक्यावर नाचघर नाहीं, हेंहि नकाशावर पाहून घ्यावें. बेटांच्या आडोशाचा जलमार्ग शांत असतो. परंतु सिॲटलहून निघणारीं जहाजें बहुधा व्हॅंकूव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या पॅसिफिकमधून जातात, आणि तेथें पहिल्याच रात्रीं समुद्र आपली ओळख देतो.

बोट लागणें हा मुळांत पोटाचा विकार नव्हे. तोल सांभाळणारें कानाच्या आंतलें इंद्रिय सांगतें कीं आपण हलत आहों, आणि खोलीच्या भिंतींकडे पाहणारे डोळे सांगतात कीं आपण स्थिर आहों. या विसंवादानें मळमळ होते. अशा वेळीं अंथरुणांत पडून पुस्तक वाचण्यापेक्षां उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावें. पोट अगदीं रिकामें ठेवूं नये. कोरडें, हलकें कांहीं खावें. आलें पुष्कळांना मानवतें. औषध घ्यावयाचें तर मळमळ सुरू होण्यापूर्वीं आणि आपल्या डॉक्टरांस विचारूनच घ्यावें, कारण यांतील कांहीं औषधांनीं गुंगी येते, आणि कांहीं औषधें काचबिंदू असणाऱ्यास वर्ज्य असतात.

औषधावरूनच गुरुजींच्या घरीं दुसरा प्रसंग ओढवला. धक्क्यावर हमालाकडे दिलेल्या पेट्या खोलीवर पोंचावयास संध्याकाळ होते. गुरुजींच्या हृदयविकाराच्या गोळ्या पेटींत राहिल्या, आणि दुपारच्या गोळीला रात्र झाली. कांहीं बिघडलें नाहीं; पण बाईंच्या तोंडचें पाणी पळालें. औषधें, चष्मा, पासपोर्ट आणि एक उबदार कपडा हातांतल्या पिशवींतच ठेवावा. जहाजावर डॉक्टर असतो, परंतु त्याची फी भारी असते, आणि रोग्याला किनाऱ्यावर हलविण्याचा प्रसंग आल्यास खर्च सामान्य कुटुंबाला झेपण्यासारखा नसतो. तेवढ्यासाठीं तरी प्रवासाचा विमा उतरवावा, आणि जुना आजार विम्याच्या फॉर्मांत लपवूं नये.

जहाज सुटण्यापूर्वीं संकटकाळचा सराव होतो. सात आंखूड आणि एक लांब असा भोंगा झाला कीं कोणीं कोठें जमावयाचें, जीवरक्षक जाकीट कसें बांधावयाचें, हें दाखवितात. गुरुजी दमले होते. "हें तरुणांसाठीं," म्हणून त्यांनीं पलंग धरला. बाईंनीं त्यांना उठवून नेलें, हें योग्यच झालें. १३ जानेवारी २०१२ रोजीं 'कोस्टा कॉंकॉर्डिया' हें जहाज इटलीच्या जील्यो बेटाजवळ खडकावर आदळलें आणि बत्तीस माणसें दगावलीं. त्याच संध्याकाळीं चढलेल्या शेंकडों उतारूंचा सराव तोंवर झालेलाच नव्हता. तत्कालीन नियमाप्रमाणें तो पुढें केव्हांतरी झाला असता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला, आणि २०१५ पासून नव्या उतारूंचा सराव जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच होणें आवश्यक झालें. तेव्हां त्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या थोड्या वेळाची किंमत कोणीं तरी भरलेली आहे.

खरी कसोटी जूनो येथें लागली. अलास्का राज्याची ही राजधानी असली तरी बाहेरच्या जगाकडे जाणारा एकहि रस्ता तिला नाहीं. येणें-जाणें पाण्यानें किंवा विमानानें. गांवापासून बारा-तेरा मैलांवर मेंडेनहॉल हिमनदी आहे. जहाजाच्या सहलीचे दर अधिक म्हणून कुटुंबानें बाहेरची गाडी केली. परततांना रांग लांबली, दोन गाड्या भरून गेल्या. जहाजानें स्वतः नेलेल्या मंडळींकरितां जहाज थांबतें. आपण होऊन गेलेल्यांसाठीं सहसा थांबत नाहीं. तीं सर्व धक्क्यावर पोंचलीं तेव्हां शिडी उचलावयास थोडीच मिनिटें उरलीं होतीं. त्या रात्रीं गुरुजी जेवणाच्या टेबलावर कोणाशींच बोलले नाहींत. खाजगी गाडी स्वस्त पडते हें खरें, पण मग दिलेल्या वेळेच्या निदान दीड तास आधीं परत फिरावें. घड्याळहि जहाजाच्या वेळेशीं जुळवावें. अलास्कांत वेळ सिॲटलच्या एक तास मागें असते. जातांना जुनें घड्याळ तासभर लवकर आणतें, त्यानें नुकसान नाहीं. परततांना मात्र तेंच घड्याळ तासभर उशीर करतें.

लहानसहान गोष्टी याहून सोप्या आहेत. शाकाहार किंवा जैन आहार हवा असल्यास तिकीट काढतांनाच कळवावें आणि पहिल्या रात्रीं मुख्य वाढप्यास पुन्हां सांगावें. जेवणापूर्वीं हात साबणानेंच धुवावे. जहाजावर पसरणाऱ्या जुलाब-वांत्यांच्या एका विषाणूवर नुसतें जंतुनाशक पुरेसें पडत नाहीं. मोबाईल 'विमान' स्थितींत ठेवावा, नाहींतर समुद्रावरील उपग्रहामार्फत येणारें बिल घरीं परतल्यावर सुटीची चव घालवितें. केचिकनला पाऊस कोंकणासारखा पडतो, म्हणून छत्रीपेक्षां रेनकोट बरा.

सहाव्या दिवशीं जहाज ग्लेशियर बे या उपसागरांत शिरलें. येथें एका दिवसांत दोनच मोठीं जहाजें सोडतात, आणि राष्ट्रीय उद्यानाचे रक्षक जहाजावर येऊन माहिती सांगतात. १७९४ सालीं व्हॅंकूव्हरच्या तुकडीनें पाहिलें तेव्हां हा बहुतेक उपसागर बर्फाखालीं होता. त्यानंतर बर्फ साठ मैलांहून अधिक मागें हटलें आहे. बाहेरच्या खोलीसाठीं जास्त पैसे भरले नाहींत, याची मुलीला खंत वाटत होती. पण कप्तानानें जहाज हिमनदीपुढें संथपणें फिरविलें, आणि उघड्या डेकवर सर्वांना तें सारखेंच दिसलें.

गुरुजी कानटोपी घालून कठड्याशीं उभे होते. समोरच्या निळसर भिंतींतून एक कडा सुटला आणि पाण्यांत कोसळला, अगदीं निःशब्द. बाई ओठांतल्या ओठांत मोजूं लागल्या. दोन म्हणतांना गडगडाट आला. "दोन हजार फूट तरी असेल," त्या म्हणाल्या. गुरुजींनीं खिशांतून गोळी काढली, घड्याळाकडे पाहिलें, आणि वेळ झाली आहे याची खात्री करून ती घेतली.