भिंतीवरची मराठी आणि घरातली मराठी



तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी तो १८०३ साली कोरविला. त्याच्या सुमारे शतकभर आधी त्याच गादीवरील शहाजी राजांनी मराठी नाटके रचिली होती; विष्णुदास भाव्यांचा सांगलीचा प्रयोग तर १८४३ चा. पुढे राज्य गेले, राजाश्रय सरला. तरी तेथील मराठी कुटुंबे, तमिळ शब्द सामावून घेत, आजही घरी मराठी बोलतात.

आमच्या मंडळाने पन्नास वर्षे गणेशोत्सव केले, नाटके केली. पण घरी मुलांशी आम्ही कोणत्या भाषेत बोलतो? उत्तर देताना आमची मान खाली जाते. सुवर्णमहोत्सवाचा संकल्प आजच्या रात्रीच्या पंगतीपासूनच सुरू करू या.