मैदानापासून मंत्रणाकक्षापर्यंत : डॉ. ख्रिस्टीन ग्रँट यांचे कार्य

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संकलित मजकूर)



‘स्त्री आणि नेतृत्व’ या विषयावर बोलावे, असे संयोजकांनी सुचविले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर राजकारणातली किंवा विज्ञानातली नावे आली नाहीत. आली ती एका क्रीडाशिक्षिकेची मूर्ती. खेळाडू स्त्रियांचे कौतुक आपण करतो. पदक मिळाले की मिरवणूक निघते, हारतुरे होतात. परंतु त्या मुलीला मैदान सकाळी मिळणार की मुलांचा सराव संपल्यावर अंधार पडताना, स्पर्धेला जाण्यासाठी बस मिळणार की नाही, तिच्या प्रशिक्षकाला वेतन कोण देणार, हे निर्णय एका बंद खोलीत, अंदाजपत्रकाच्या कागदावर होतात. ज्या सभागृहात इतके विश्वस्त बसले आहेत, तेथे अंदाजपत्रकातील एका ओळीचे सामर्थ्य मी वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. त्या खोलीत शिरलेल्या एका स्त्रीची ही हकीकत आहे.

ख्रिस्टीन ग्रँट यांचा जन्म 1936 साली स्कॉटलंडमधील बोनेस या लहानशा गावी झाला. शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षण घेऊन त्या शिक्षिका झाल्या आणि पुढे कॅनडात गेल्या. तेथे त्यांनी हॉकीच्या प्रशिक्षक व पंच म्हणून नाव मिळविले. आपण जिला नुसते हॉकी म्हणतो, तिला तिकडे मैदानी हॉकी म्हणावे लागते, कारण बर्फावरच्या हॉकीचा तेथे फार बोलबाला! उच्च शिक्षणासाठी त्या अमेरिकेच्या आयोवा राज्यातील विद्यापीठात आल्या, तेथेच त्यांनी डॉक्टरेट केली, आणि 1973 साली त्याच विद्यापीठाच्या महिला क्रीडा विभागाच्या संचालक झाल्या. पुढे तब्बल सत्तावीस वर्षे, म्हणजे 2000 सालापर्यंत, त्या पदावर राहिल्या.

1973 हे वर्ष ध्यानात घेण्याजोगे आहे. आदल्याच वर्षी, 23 जून 1972 रोजी, अमेरिकेत शिक्षणविषयक कायद्यात ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखली जाणारी तरतूद मंजूर झाली होती. अवघ्या 37 शब्दांची ही तरतूद. केंद्र सरकारचे द्रव्यसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगाच्या आधारे भेदभाव करता येणार नाही, एवढाच तिचा आशय. त्यात ‘खेळ’ हा शब्दसुद्धा नाही. पण खेळही शिक्षणाचाच भाग असल्याने ती खेळालाही लागू होते, असा अर्थ निघाला आणि विद्यापीठांतील पुरुषांच्या क्रीडाविभागांत खळबळ उडाली. ज्या खेळांतून तिकिटांचे उत्पन्न येते, ते खेळ या कायद्यातून वगळावेत, असा प्रस्ताव 1974 साली सिनेटमध्ये आला. तो टिकला नाही. पण ही ओढाताण पुढे अनेक वर्षे चालली, आणि डॉ. ग्रँट काँग्रेसच्या समित्यांपुढे साक्षी देत, न्यायालयांत तज्ज्ञ म्हणून उभ्या राहात, शासनाला सल्ला देत या लढ्यात राहिल्या. त्या उंच आवाजात भाषणे करणाऱ्यांपैकी नव्हत्या. आकडे घेऊन जात. मुलांवर किती खर्च, मुलींवर किती; आकड्यांपुढे वाद फार काळ चालत नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी आपल्याकडच्या लेखांत सहसा येत नाही. त्या काळी अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला खेळांचा कारभार स्त्रियांच्याच हाती होता. 1971 साली स्थापन झालेली ‘एआयएडब्ल्यू’ ही संघटना स्त्रियांनी चालविलेली, आणि ऐन भरात असताना नऊशेहून अधिक संस्था तिच्या सभासद होत्या. तिची दृष्टी निराळी होती. खेळाडू ही आधी विद्यार्थिनी, मग खेळाडू. चांगल्या खेळाडूंच्या मागे गावोगाव फिरून पैशाची आमिषे दाखवायची नाहीत. संघटनेच्या कारभारात विद्यार्थिनींनाही स्थान हवे. प्रारंभी तर खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यासही संघटनेचा विरोध होता. 1973 साली काही खेळाडूंनी न्यायालयात धाव घेतल्यावर तो नियम गेला. (मला वाटते, खेळाडू मुलींचेच बरोबर होते. मुलांना शिष्यवृत्ती आणि मुलींना केवळ तत्त्वज्ञान, हा न्याय नव्हे.) डॉ. ग्रँट 1980-81 मध्ये या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या, आणि नेमक्या त्याच काळात तिच्यावर संकट आले.

पुरुषांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या ‘एनसीएए’ या बलाढ्य संघटनेने आधी टायटल नाइनला विरोध केला होता. आता, महिलांच्या खेळांना भवितव्य आहे असे दिसताच, तिने 1981 सालच्या अधिवेशनात पहिल्या श्रेणीतील महिलांसाठी राष्ट्रीय स्पर्धा भरविण्याचा ठराव आणला. मते जवळजवळ समसमान पडली. पुनर्विचारानंतर ठराव संमत झाला. एनसीएएकडे पैसा होता, दूरदर्शनचे करार होते, स्पर्धेला येणाऱ्या संघांचा प्रवासखर्च देण्याची ऐपत होती. एआयएडब्ल्यूकडे यांपैकी फारसे काही नव्हते. एका वर्षात सभासद गळाले, प्रक्षेपणाचे उत्पन्न आटले, आणि 1982 च्या जूनअखेर संघटनेने आपले काम थांबविले. मक्तेदारीविरोधी कायद्याखाली तिने लावलेला दावाही न्यायालयात टिकला नाही.

याचा परिणाम काय झाला, हे पाहण्यासारखे आहे. 1972 साली अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. ब्रुकलिन कॉलेजच्या दोन प्राध्यापिकांनी वर्षानुवर्षे चिकाटीने जो अभ्यास केला, त्याप्रमाणे 2014 पर्यंत हे प्रमाण सुमारे 43 टक्क्यांवर आले. खेळणाऱ्या मुलींची संख्या मात्र याच काळात कितीतरी पटींनी वाढली. म्हणजे जोवर काम बिनपैशाचे होते, तोवर ते स्त्रियांचे होते. वेतन आणि प्रतिष्ठा आली, तशी पुरुष उमेदवारांची रांग लागली. पुरुष संघांच्या प्रशिक्षकपदाची दारे काही स्त्रियांसाठी त्या प्रमाणात उघडली नाहीत. विभाग एकत्र करताना पुरुष संचालक कायम राहावा आणि महिला संचालक त्याची साहाय्यक व्हावी, हे तर सर्वत्र घडले. क्वचित अपवाद झाले. कॅलिफोर्नियाच्या सॅन डिएगो येथील विद्यापीठात ज्युडिथ स्वीट 1975 साली संयुक्त विभागाच्या प्रमुख झाल्या आणि 1991 साली त्याच एनसीएएच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

आयोवात मात्र डॉ. ग्रँट यांनी महिलांचा विभाग स्वतंत्र ठेवला. स्वतंत्र विभाग, स्वतंत्र अंदाजपत्रक, स्वतंत्र संचालक. 1983 साली त्यांनी बास्केटबॉलसाठी व्हिव्हियन स्ट्रिंगर यांना आणले. स्ट्रिंगर या पेनसिल्व्हेनियातील चेनी स्टेट या कृष्णवर्णीयांच्या लहानशा महाविद्यालयात शिकवीत व खेळाडू घडवीत. साधनांची वानवा असताना त्यांनी 1982 मध्ये एनसीएएच्या पहिल्याच महिला स्पर्धेत आपला संघ अंतिम सामन्यापर्यंत नेला होता. त्यांची लहान मुलगी मेंदूज्वराने कायमची अपंग झाली होती. आयोवा शहरात विद्यापीठाचे मोठे रुग्णालय होते, हेही त्यांच्या तेथे जाण्याचे एक कारण. चांगला प्रशिक्षक मिळवायचा तर त्याचे घरही पाहावे लागते, हे डॉ. ग्रँट यांना ठाऊक होते.

आयोवाच्या लोकांविषयी दोन शब्द सांगतो तर वावगे ठरणार नाही. हे शेतकऱ्यांचे राज्य. मक्याची शेते, छोटी छोटी गावे. तेथे मुलींच्या बास्केटबॉलचे वेड फार जुने. 1925 साली शाळांच्या संघटनेने मुलींच्या स्पर्धा बंद करण्याचे ठरविले, तेव्हा लहान गावांतल्या शाळांनी वेगळे होऊन केवळ मुलींसाठी स्वतःची संघटना काढली. त्यांचा खेळही निराळा होता. प्रत्येक बाजूला सहा मुली, तीन फक्त चढाईच्या आणि तीन फक्त बचावाच्या, कोणी अर्धे मैदान ओलांडायचे नाही. हा प्रकार आयोवात 1993 पर्यंत चालला. त्यामुळे मुलींचा सामना पाहण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे जाणे, ही तिथली रीत होती. डॉ. ग्रँट यांनी हे बळ ओळखले. 3 फेब्रुवारी 1985 रोजी ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याला 22,157 प्रेक्षक आले. महिलांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील तो तेव्हाचा उच्चांक. बंदिस्त क्रीडागृहाच्या क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक माणसे आत शिरली, पायऱ्यांवर बसली. अग्निशमन अधिकाऱ्याने नंतर विभागाला ताकीद देणारे पत्र धाडले, आणि डॉ. ग्रँट यांनी ते मानपत्रासारखे जपले, असे सांगतात. आयोवा तो सामना हरली. पण मुलींचा खेळ पाहायला कोण येणार, या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. पुढच्याच वर्षी, 1986 साली, आयोवाच्या मुलींनी हॉकीत राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. ज्या खेळातून त्या आल्या, त्याच खेळात. तेथील हॉकीचे मैदान आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

2000 साली त्या निवृत्त झाल्या आणि आयोवाचे दोन्ही विभाग एक झाले, पुरुष संचालकाच्या हाताखाली. त्यानंतरचा इतिहास सरळ नाही. 2017 साली त्याच विद्यापीठाच्या क्रीडाविभागातील एका ज्येष्ठ महिला प्रशासकाने लिंगभेदाचा दावा जिंकला. ज्यूरीने 14 लाख 30 हजार डॉलरची भरपाई ठरविली. पुढे आणखी एका महिला प्रशिक्षकाचा दावा धरून विद्यापीठाने एकूण 65 लाख डॉलर देऊन तडजोड केली. कायदा तोच, इमारत तीच. देखरेख करणारी नजर तेवढी तेथे नव्हती, असे मला वाटते.

डॉ. ग्रँट 31 डिसेंबर 2021 रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी निवर्तल्या. केटलिन क्लार्क या आयोवाच्या मुलीचे पहिले दिवस त्यांनी पाहिले. पुढचे नवल पाहायला त्या राहिल्या नाहीत. ऑक्टोबर 2023 मध्ये आयोवाच्या फुटबॉलच्या उघड्या मैदानावर महिलांचा बास्केटबॉल सामना ठेवला, त्याला 55,646 माणसे आली. एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यात आयोवा हरली, पण तो सामना दूरचित्रवाणीवर सुमारे 1 कोटी 89 लाख लोकांनी पाहिला, त्या वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा अधिक.

आपल्याकडील मुलींविषयी बोलायला आता वेळ उरलेला नाही. एवढेच विचारते की, आपापल्या संस्थांच्या पुढच्या सभेत क्रीडाखर्चाचा कागद समोर येईल, तेव्हा त्यात मुलींच्या नावे किती रक्कम आहे आणि ती ठरविताना त्या खोलीत किती स्त्रिया होत्या, हे कृपया पाहावे.

जानेवारी 2024 मध्ये आयोवा विद्यापीठाने संयुक्त क्रीडाविभागाच्या संचालकपदी बेथ गोएट्झ यांची नेमणूक केली. पुरुष व महिला अशा दोन्ही विभागांची सूत्रे तेथे प्रथमच एका स्त्रीकडे आली. प्रशासनात येण्यापूर्वी गोएट्झ मिसूरी राज्यातील एका विद्यापीठात अनेक वर्षे मुलींच्या फुटबॉल संघाच्या प्रशिक्षक होत्या.