ग्राहकाच्या दारी जाणारे पत्र



आपल्या मालाची वार्ता शब्दांच्या द्वारे ग्राहकापर्यंत पोहोचविण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. लोखंडी नांगर घडविणाऱ्या किर्लोस्करांच्या कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली, ती कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती संबंधितांना मिळावी म्हणून. शंकरराव किर्लोस्करांनी तीत केवळ नांगराची स्तुती छापली असती, तर ती रद्दीतच गेली असती. त्यांनी वाचकाच्या उपयोगाचा मजकूर दिला आणि कारखान्याचे ते पत्रक पुढे मराठी घराघरांतील मासिक झाले.

याच्या नेमके उलट उदाहरण अमेरिकेत घडले. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकगठ्ठा धाडले. ते कोणीच मागितले नव्हते. साहजिकच तक्रारी झाल्या. अनाहूत जाहिराती ई-मेलने पाठविण्याचा आरंभ तेथूनच मानला जातो.

आजच्या लघुउद्योजकापुढेही हेच दोन मार्ग आहेत. उदाहरणार्थ, देवगडचा एखादा आंबा बागायतदार घ्यावा. ऑक्टोबर २०१८ मध्ये सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नावाचे रक्षण होते. गिऱ्हाईक मात्र स्वतःच मिळवावे लागते. वर्षभराची फवारणी, राखण, मजुरी यांचा खर्च दोन-अडीच महिन्यांच्या हंगामात वसूल व्हायचा असतो. माल वाशीच्या बाजारात पाठविला, तर भाव बागायतदाराच्या हाती राहत नाही. पुण्या-मुंबईतील तीनशे घरे थेट पेट्या घेऊ लागली, तर मात्र दर तोच ठरवू शकतो. त्या तीनशे घरांशी असलेला दुवा म्हणजे त्याची ई-मेल पत्रे. त्यांच्या बऱ्या-वाईटावर त्याचा संसार अवलंबून असतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

पहिला प्रश्न पत्त्यांच्या यादीचा. दहा हजार पत्त्यांची आयती यादी विकत घेण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु अनोळखी माणसे असे पत्र ‘स्पॅम’ ठरवितात. असे वारंवार झाले, की जुन्या, विश्वासू ग्राहकाला धाडलेले पत्रही अडगळीत जाऊन पडते. दिवसाला ५००० हून अधिक पत्रे जीमेलच्या पत्त्यांवर धाडणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून नियमच घालून देण्यात आले : एका टिचकीसरशी यादीतून बाहेर पडण्याची सोय असावी आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत राहाव्यात. आपल्याकडील २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा गाभाही संमती हाच आहे. तेव्हा पेटी घरी पोहोचताच ‘पुढील हंगामाची वार्ता ई-मेलने कळवावी काय?’ असे विचारून होकार मिळवावा. सर्वांचे पत्ते सर्वांना दिसतील अशा रीतीने एकच पत्र धाडणे हा तर विश्वासभंगच होय.

दुसरा प्रश्न मजकुराचा. ‘धमाका ऑफर! त्वरा करा!!’ असा विषय वाचून कोणते घर हरखून जाते? मोबाइलवर विषयाचे पहिले काही शब्दच दिसतात. म्हणून नेमकी बातमी तेथेच यावी. ‘देवगड हापूस : पहिली काढणी १२ एप्रिलला’ एवढे पुरे. पुढे पत्र असे असावे :

‘सप्रेम नमस्कार. यंदा मोहोर उशिरा आल्याने पहिली काढणी १२ एप्रिलला होईल. पाच डझनांच्या ८० पेट्या निघतील. घरपोच दर प्रत्येक पेटीस अमुक रुपये. फळ कच्चे पाठवू. घरी गवतात ठेवल्यास आठ-दहा दिवसांत पिकेल. एखाद्या फळात साका निघाल्यास कळवावे, मोबदला देऊ. पेटी हवी असल्यास १० एप्रिलपर्यंत याच पत्राला उत्तर देऊन संख्या कळवावी. पुढे पत्रे नको असल्यास ‘नको’ एवढेच लिहावे.’

यात स्तुतीचे एकही विशेषण नाही. परंतु दिनांक, संख्या, दर आणि एकच विनंती आहे. मोहोर उशिरा आला हे मोकळेपणाने सांगितले आहे. साका बाहेरून दिसत नाही, हे जाणत्या गिऱ्हाइकाला ठाऊक असते. तो उल्लेख टाळणाऱ्यापेक्षा आधीच जबाबदारी घेणाऱ्यावर त्याचा अधिक विश्वास बसतो. मात्र ८० पेट्या म्हटले, तर ८० च हव्यात. ‘शेवटच्या काही पेट्या’ ही हाकाटी खोटी आहे असे एकदा उघड झाले, की पुढचे खरे पत्रही कोणी वाचत नाही.

तिसरा प्रश्न प्रमाणाचा. मोहोर लागला तेव्हा एक, काढणीपूर्वी एक, हंगाम सरताना आभाराचे एक, एवढी पत्रे पुष्कळ झाली. आलेल्या उत्तराला त्याच दिवशी उत्तर जावे. किती जणांनी पत्र उघडले या आकड्यावर विसंबू नये. २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेलमध्ये गोपनीयतेची सोय आणल्यापासून तो आकडा फसवा झाला आहे. पेट्यांची मागणी किती आली, तेवढेच मोजावे.

तात्पर्य, तंत्र नवे असले तरी व्यवहार जुनाच आहे. ग्राहक आपला पत्ता देतो, तेव्हा तो उद्योजकाला घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊ देतो. तेथे उभे राहून आरडाओरडा करणाऱ्याच्या तोंडावर दार बंद होते. कामाचे आणि खरे तेवढेच बोलणाऱ्याला पुढल्या वर्षीही ‘या’ म्हटले जाते. घरचा व्यवसाय असणाऱ्या प्रत्येकाने आपले पुढचे पत्र धाडण्यापूर्वी ते एकदा घरातील वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. ऐकताना त्यांना जे खटकेल, ते ग्राहकालाही खटकणार, हे निश्चित.