‘त्याचा बापही उशिराच बोलला होता’

हे वाक्य आम्ही सगळ्याजणींनी ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर सुनांना ऐकवलंयही. गटातल्या एकीचा नातू दीड वर्षाचा झाला तरी हाकेला वळत नव्हता. ‘हट्टी आहे’ म्हणत आम्ही बसलो. अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं, पुढं पाठवलं, तेव्हा कळलं, त्याला नीट ऐकूच येत नव्हतं.

हे पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. 2013 साली हा कार्यक्रम आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. पथकानं अंगणवाडीत वर्षातनं दोनदा यायचं असतं. वजन-उंची तर बघतातच, शिवाय मूल वयाप्रमाणं काय करतं तेही ठरलेल्या प्रश्नांनी बघतात.

ठरलेले प्रश्न कशाला? तर नुसत्या नजरेचा अंदाज माणसागणिक बदलतो. कुणाचं बाळ नवव्या महिन्यात चालतं, कुणाचं सोळाव्या. दोन्ही ठीक. पण 18 महिने झाले तरी एकटं चालत नसेल तर दाखवायला हवं. तिरुवनंतपुरमला तयार झालेल्या एका तक्त्यात दोन वर्षांपर्यंतच्या अशा 17 गोष्टी आहेत. बाळाच्या वयाच्या महिन्यावर उभी रेघ धरायची. रेघेच्या डावीकडं राहिलेली एखादी गोष्ट त्याला जमत नसेल, तर पुढची तपासणी.

म्हणजे तक्ता रोग सांगत नाही, पुढं कुणाला पाठवायचं तेवढं सांगतो. पुढची चाचणी मोठी असते. डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांवरून मापं बसवलेली एक चाचणी आहे, तिच्यात हालचालींच्या 67 आणि समजेच्या 163 बाबी आहेत.

बाळाला झोप काढून, पोट भरून न्या. सातव्या महिन्यात जन्मलं असेल तर ते आधी सांगा. दहा महिन्यांच्या अशा बाळाला आठ महिन्यांचं धरून तपासतात. आणि सासवांनो, लाजेपायी ‘सगळं करतोय की’ म्हणू नका. आमच्यातल्या एकीनं तेच केलं होतं.

आणखी एक. ऊसतोडीला आलेल्यांच्या खोपीतली बाळं गावाकडच्या यादीत असतात, आणि पथक येतं तेव्हा असतात आपल्या शिवारात. तारीख कळली की सेविकाताईंना सांगून त्यांनाही बोलवा.

त्या नातवाला आता कानाचं मशीन बसलंय. तो ते सारखं उपसून टाकतो, आणि आज्जी ते हातात घेऊन दिवसभर त्याच्या मागं पळते.